सुमनताईचे हिरवे खडे : एका 'डिटॉक्स' कोर्सचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या घरातलंच आहे. नाव बदललंय, वस्ती सांगत नाही, बाकी घडलं तसं लिहिते. ताईला विचारूनच लिहिते.

सुमनताई माझी चुलत बहीण, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. वय ६१, शाळेतून निवृत्त. भावजींना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. नागपुरात मुलगा, सून आणि नात यांच्यासोबत राहते. मुलगा-सून दोघंही नोकरीवाले, त्यामुळे सकाळी साडेनऊपासून संध्याकाळी सहापर्यंत ताई घरात एकटी. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते.

ताईला नऊ वर्षांपासून शुगर. मेटफॉर्मिन चालू होतं, शिवाय सकाळी नाश्त्याआधी ग्लिमेपिराइडची गोळी. फेब्रुवारीत पोट फुगतं, जेवण पचत नाही म्हणून तपासण्या झाल्या. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, ८.१ आली. सोनोग्राफीत पित्ताशयात दोन खडे दिसले, मोठा ९ मिलिमीटरचा, आणि लिव्हरवर थोडी चरबी. सर्जननी रिपोर्ट पाहिला, पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "खड्यांचं दुखणं नाही तुमचं, तोवर काही करायची गरज नाही. दुखलं तर लगेच या." सल्ला योग्यच होता. त्रास न देणाऱ्या खड्यांना सहसा हात लावत नाहीत. पण ताईच्या डोक्यात वेगळंच बसलं. "पोटात दगड आहे म्हणतात अन् वरून घरी जा म्हणतात. मग काय दगड घेऊन बसू?" असं ती मला फोनवर म्हणाली होती. मी म्हटलं, "डॉक्टर म्हणतात ना, मग झालं." आणि फोन ठेवला.

कोर्स

मार्चमध्ये शेजारच्या काकूंनी तिला एका शुद्धीकरण केंद्रात नेलं. २१ दिवसांचा कोर्स, ९,५०० रुपये. सकाळी उपाशीपोटी दुधीचा रस, चहा-कॉफी-साखर बंद, दुपारी फळं, सूर्यास्ताआधी एकदाच मुगाची खिचडी, रोज चाळीस मिनिटं चालणं. दर तिसऱ्या दिवशी केंद्रात 'फूट डिटॉक्स' : कोमट मिठाच्या पाण्याच्या टबात पाय आणि त्याच पाण्यात सोडलेली विजेवर चालणारी धातूची गुंडाळी. अर्ध्या तासात पाणी विटकरी, मग चहासारखं तपकिरी होतं, वर फेस धरतो. भिंतीवर रंगांचा तक्ता : हा रंग लिव्हरचा, हा पित्ताशयाचा, हा सांध्यांचा. शेवटी 'लिव्हर फ्लश', म्हणजे एप्सम सॉल्ट, ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस. केंद्राचं म्हणणं, त्यानं खडे पडतात.

पहिले तीन दिवस ताईचं डोकं ठणकत होतं. केंद्रातल्या बाईंनी सांगितलं, विष बाहेर पडून राहिलं, चांगली खूण आहे. ताई दिवसाला सहा कप चहा घ्यायची. तो एकदम सुटला की एका दिवसाच्या आत डोकं धरतं, दुसऱ्या दिवशी कळस गाठतं आणि काही दिवसांनी आपोआप उतरतं. कॅफीन सुटण्याची ही नेहमीची रीत आहे. पण हे तिला त्या वेळी सांगणारं कोणी नव्हतं आणि विषाची गोष्ट सांगणारं समोर बसलं होतं.

चौथ्या दिवसापासून तिला खरोखर बरं वाटायला लागलं. पोट फुगणं थांबलं, झोप लागू लागली, पावलांची सूज उतरली. २१ दिवसांत वजन चार किलोनं कमी झालं. "हलकं वाटून राहिलं गं मला, दोन वर्षांत पहिल्यांदा," असं ती म्हणाली. तिनं ६,८०० रुपयांना ते यंत्र घरीच विकत घेतलं.

अडचण कुठे होती

ताईचा अनुभव खरा होता, हे मी आधी मान्य करते. मला हे मान्य करायला तीन महिने लागले आणि या प्रकरणातली निम्मी हानी त्या तीन महिन्यांत झाली.

सहा कप चहात दोन-दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला बारा चमचे, अंदाजे पन्नास-साठ ग्रॅम. ती बंद झाली. रात्री साडेनऊचं जेवण संध्याकाळी साडेसहाला आलं. चार वाजताचा चिवडा-शेव सुटला, त्याबरोबर मीठही कमी झालं, म्हणून पावलांची सूज उतरली. खाणं घटलं की शरीर आधी लिव्हर आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन वापरतं. एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, तेही निघून जातं. पहिल्या आठवड्यातले दोन किलो बरेचसे असे जातात. चालण्यामुळे झोप सुधारली. या सगळ्यात कुठलंही विष बाहेर पडायची गरज नव्हती.

आणखी एक गोष्ट होती, ती मला बऱ्याच उशिरा कळली. केंद्रात पाच जणी गोल बसून पाण्यात पाय सोडून गप्पा मारायच्या. वेळ झाली की तिथली मुलगी यायची, ताईचं पाऊल आपल्या मांडीवर घ्यायची आणि टॉवेलनं एकेक बोट पुसायची. ताई म्हणाली, "हे गेल्यापासून माझ्या अंगाला कोणी हात लावला नव्हता गं, नातीशिवाय." सर्जनच्या ओपीडीत तिला चार मिनिटं मिळाली होती. यात सर्जनचा दोष नाही, बाहेर चाळीस पेशंट बसले होते. पण ताईनं तुलना केली ती या दोन जागांची.

धोका दुसरीकडेच होता. खाणं निम्म्यावर आलं होतं आणि ग्लिमेपिराइडची गोळी पूर्वीइतकीच चालू होती. ही गोळी पोटात अन्न आहे की नाही हे बघत नाही, ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. केंद्रात कोणी तिच्या गोळ्या विचारल्या नाहीत. घरात आम्हीही विचारलं नाही, कारण आम्ही पाण्याच्या रंगावर भांडत होतो.

पाडव्याचा दिवस : पहिला निर्णय, चुकलेला

गुढीपाडव्याला सगळे ताईकडे जमलो. ताटात कडुलिंबाचा पाला आणि गूळ होता. ताई पुरणपोळीला शिवली नाही. ती यंत्राबद्दल भरभरून सांगत होती आणि म्हणाली, "पाडव्याला कडुलिंब कशाला खातो आपण? शरीर शुद्ध व्हायलाच न? मग हे काहून चालत नाही तुला?"

मला उत्तर माहीत होतं. गुंडाळीत लोखंड असतं. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की त्याचे आयन पाण्यात उतरतात आणि गंज तयार होतो. गंज नारिंगी ते तपकिरी, मधल्या टप्प्यावर हिरवट. मीठ चिमूटभर जास्त पडलं की रंग गडद. पायाचा संबंध नाही. २०१२ साली अशाच यंत्रावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. त्यात पाण्यात, लघवीत आणि केसांत तपासणी केली, शरीरातून विषारी धातू बाहेर पडल्याचा पुरावा मिळाला नाही.

मी काय केलं? टब आणला, मीठ टाकलं, यंत्र सुरू केलं आणि पाय न घालता बारा जणांसमोर दिवाणखान्याच्या मधोमध ठेवून दिलं. पंचवीस मिनिटांत पाणी तपकिरी. ताईचे दीर म्हणाले, "वहिनी, हे कोणाचं विष निघालं? टबाचं?" सगळे हसले. ताई उठली, टब उचलला, बाथरूममध्ये ओतला आणि ओट्याशी जाऊन भांडी घासायला लागली. बाई येणार होती तरी.

प्रयोग शंभर टक्के बरोबर होता आणि मी तो करायला नको होता, तिथे, तसा. त्या दिवशी ताईला एकच कळलं : आपल्याला बरं वाटतंय हे यांना खोटं वाटतं. त्यानंतर तिनं मला काही सांगणं बंद केलं. मुलालाही.

एप्रिलमधली सकाळ

एप्रिलच्या मध्यात तिनं लिव्हर फ्लश घरी, एकटीनं, कोणाला न सांगता केला. आदल्या दिवशी नुसता सफरचंदाचा रस. संध्याकाळी सहाला आणि आठला एप्सम सॉल्टचं पाणी. हे मॅग्नेशियम सल्फेट, जोरदार जुलाब होतात. रात्री दहाला अर्धा कप ऑलिव्ह तेल लिंबाच्या रसात. सकाळी पुन्हा एप्सम सॉल्ट. आणि सवयीनं ग्लिमेपिराइडची गोळी.

सकाळी संडासात हिरवे, मऊसर, वाटाण्याएवढे गोळे पडले. तिनं ते गाळून, धुऊन काचेच्या बरणीत घालून फ्रीजमध्ये ठेवले. ती मनातून फार आनंदात होती.

अकराच्या सुमारास सुनेनं सहज फोन केला तेव्हा ताईची जीभ अडखळत होती. सून ऑफिसातून धावत आली. घामानं साडी भिजलेली, हात थरथरताहेत, नातीचं नावही आठवेना. ग्लुकोमीटरवर शुगर ४६. सुनेनं साखरेचं पाणी पाजलं आणि एका खाजगी हॉस्पिटलमध्ये नेलं. पोटॅशियम घटून ३.१, जुलाबामुळे. शरीरात पाणी कमी पडलेलं, किडनीवरचा ताण दाखवणारं क्रिएटिनिन किंचित वर. रात्रभर ठेवून घेतलं, कारण या गोळीचा असर चोवीस तास टिकतो आणि साखर पुन्हा खाली येऊ शकते.

मुलानं डॉक्टरांना सांगितलं, "जेवली नसेल नीट." त्याला माहीतच नव्हतं. खरी गोष्ट काढली रात्रपाळीच्या तरुण डॉक्टर मुलीनं. तिनं सगळ्यांना बाहेर पाठवलं, स्टूल ओढलं आणि विचारलं, "काकू, घरी काही वेगळं घेतलं का? मी रागावत नाही. मला फक्त औषध ठरवायचंय." ताईनं दोन मिनिटांत सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू परत सगळ्यांसमोर टब मांडला असता." मी काही बोलू शकले नाही.

समोर कोणते पर्याय होते

ताई घरी आल्यावर मुलगा संतापलेला होता. यंत्र फेकायचं, केंद्राची तक्रार करायची, ताईला तिथल्या बायकांशी बोलू द्यायचं नाही, असं त्याचं ठरलं होतं. तक्रारीला आधार होता. केंद्राच्या पत्रकावर शुगर आणि पित्ताचे खडे मुळापासून घालवू असं छापलेलं होतं आणि औषधं आणि जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा केंद्रीय कायदा नेमक्या अशाच आजारांच्या दाव्यांना बंदी घालतो. ताई म्हणाली, "त्या पोरीची नोकरी जाईल." बोटं पुसणाऱ्या मुलीची. तक्रार राहिली. मला अजूनही वाटतं ती करायला हवी होती, कारण तिथे बसणाऱ्या पाच जणींपैकी आणखी दोघींना शुगर होती.

दुसरा पर्याय, सगळंच बंद. म्हणजे चालणं, लवकर जेवण, बिनसाखरेचं राहणं, सगळं 'थोतांड' म्हणून टाकून द्यायचं. आम्ही जवळजवळ तेच करणार होतो. हॉस्पिटलमधून आल्या दिवशी सुनेनं प्रेमानं दोन चमचे साखर घालून चहा केला होता.

तिसरा, तिचं वय आहे, तिला कळतं, म्हणून गप्प बसणं. गोळी आणि उपवास यांची जोडी पाहिल्यावर हे शक्य नव्हतं.

आम्ही चौथा धरला : ताईलाच सोबत घेऊन प्रत्येक गोष्ट वेगळी करायची, काय ठेवायचं आणि काय नाही. यात ताईचा शब्द शेवटचा. हे सुचवलं त्या डॉक्टर मुलीनंच.

काय केलं

सगळ्यात आधी फिजिशियनकडे गेलो. या वेळी ताईनं रोजचं खाणं कागदावर लिहून नेलं, वेळांसकट. त्यांनी ग्लिमेपिराइड निम्म्यावर आणलं आणि उपास करायचा असेल तर आधी फोन करायचा, हा नियम घातला. पायाला बारीक दोरा टेकवून संवेदना तपासली. डाव्या अंगठ्याला ती कमी निघाली. म्हणजे गरम पाण्याच्या टबात ताईला भाजलेलंही कदाचित कळलं नसतं. इतक्या दिवसांत हे आमच्या कोणाच्याच मनात आलं नव्हतं.

मग ताईच्याच आग्रहानं ओळखीच्या वैद्यांकडे. माझ्या मनात अढी होती, पण त्यांनी जे सांगितलं ते आमच्या कामी आलं. म्हणाले, विरेचन, म्हणजे जुलाबाचं औषध, द्यायच्या आधी स्नेहन-स्वेदन, म्हणजे तेल-तूप आणि शेक, करावं लागतं, रोग्याचं बळ पाहावं लागतं, नंतर पेया-विलेपीपासून, म्हणजे पातळ आणि मग घट्ट पेजेपासून, हळूहळू जेवणावर आणावं लागतं. "तुम्ही केलं ते पंचकर्म नाही, ते नुसते जुलाब आहेत." दुधीच्या रसाबद्दल विचारलं तर म्हणाले, कडू लागला की थुंकायचा, एक घोटही गिळायचा नाही. कडू दुधीतल्या कुकरबिटासिनमुळे माणसं दगावली आहेत आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) समितीनंही हाच इशारा दिला आहे. पंचकर्मानं शरीरातलं विष जातं हे मला पटेल असा पुरावा मी पाहिलेला नाही. पण त्या वैद्यांचा सावधपणा त्या केंद्रात असता तर ताई हॉस्पिटलमध्ये गेली नसती.

विषाबद्दल मी ताईशी एकदाच बोलले, आणि ते आपल्याकडचं उदाहरण घेऊन. २०१७ साली यवतमाळमध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते तिनं पेपरात वाचलं होतं. म्हटलं, त्या विषाला नाव होतं. कीटकनाशकाच्या काही जातींवर अॅट्रोपिन देतात, ते त्या विषाविरुद्धच काम करतं. शिसं अंगात गेलं तर रक्तात मोजता येतं, त्यावर हॉस्पिटलात औषध आहे. तुझ्या केंद्रात विषाचं नाव काय सांगितलं? ती बराच वेळ विचार करत राहिली. मग म्हणाली, "नाव नाही सांगितलं कोणी." मी पुढे काही जोडलं नाही.

बरणी

खड्यांवर मी गप्प होते. पाडव्यानंतर मला ते धाडस नव्हतं. ताईची खात्री होती, रिपोर्टमधले खडेच पडले. बरणी फ्रीजमध्ये पोळीच्या कणकेशेजारी, झाकणाला चिकटपट्टी लावलेली.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पारा ४४ च्या वर होता. एका दुपारी लाइट गेले ते चार-पाच तास आलेच नाहीत. ताईनं फ्रीज रिकामा करताना बरणी ओट्यावर काढून ठेवली आणि विसरली. संध्याकाळी मला फोन आला.

"अगं, माझे खडे विरघळले."

मी गेले. बरणीत तळाला हिरवट तेल, वर एक-दोन मऊ गोळे तरंगत. ताईनं बोट बुडवून अंगठ्यावर चोळलं. "साबणासारखं लागून राहिलं," ती म्हणाली.

तेव्हा मी सांगितलं, तिनं विचारलं म्हणून. तेल पोटात गेलं की पाचक रस त्याची मेदाम्लं (फॅटी अॅसिड) करतात आणि लिंबाच्या रसातल्या पोटॅशियमशी मिळून त्याचा साबणच होतो. आजी राखेचं पाणी अन् तेल घेऊन करायची तसा. पित्तानं तो हिरवा होतो. २००५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात असंच एक प्रकरण छापून आलं होतं. त्या बाईचे 'खडे' तपासले तर त्यात पित्ताच्या खड्यांत असतात ते कोलेस्टेरॉल, बिलिरुबिन, कॅल्शियम काहीच नव्हतं, बहुतेक मेदाम्लंच होती, आणि ४० अंशांवर दहा मिनिटांत ते वितळले. खरा पित्ताचा खडा नागपूरच्या मे महिन्यात ओट्यावर ठेवला तर आहे तसाच राहील.

ताईनं बरणी धुतली. मग म्हणाली, "सोनोग्राफी करून घेऊ परत." हे मी सुचवलेलं नव्हतं.

निष्पत्ती

सोनोग्राफीत खडे दोनच, मोठा ९ मिलिमीटर, जागेवर. ताई रडली थोडी. रिपोर्टपेक्षा ९,५०० रुपयांचं आणि त्या सकाळच्या आनंदाचं तिला जास्त वाईट वाटलं असावं.

जुलैत एचबीए१सी ७.२ आली, अर्ध्या गोळीवर. चहा दोन कप, बिनसाखरेचा. जेवण अजूनही सातच्या आत. त्या पाच जणींपैकी तिघी आता पहाटे अंबाझरी तलावाच्या बाजूला सोबत चालतात आणि परतताना एकीच्या ओट्यावर बसतात. यंत्र माळ्यावर आहे. पायांसाठी साधा टब, कोपरानं तपासलेलं कोमट पाणी, आणि नंतर नात बोटांच्या मधला ओलावा पुसून देते. तेवढ्यासाठी ती थांबते म्हणते.

वेगळं काय करता आलं असतं

फेब्रुवारीतला तो फोन. "मग काय दगड घेऊन बसू?" या प्रश्नाला मी पाच मिनिटं दिली असती, म्हणजे खडे म्हणजे काय, केव्हा धोका, दुखणं कसं ओळखायचं, तर ती केंद्राची पायरी चढली असतीच असं नाही. चढली असती तरी मला विचारत चढली असती.

पाडव्याचा प्रयोग मी स्वयंपाकघरात, दोघींनीच, तिच्या हातानं करायला हवा होता. आधी एकच प्रश्न विचारून : तुला काय काय बरं वाटतंय, सगळं सांग. आणि त्या यादीनंतर लगेच दुसरा : गोळ्या कोणत्या चालू आहेत? हा दुसरा प्रश्न कोणीही विचारला असता, शेजारच्या काकूंनी, सुनेनं, केंद्रातल्या बाईंनी, मी, तर एप्रिलची ती सकाळ आली नसती. शुगरचा माणूस कोणताही उपास, कोर्स, रस सुरू करताना माझ्या मते पाण्याचा रंग तपासायच्या आधी गोळ्यांचा डबा उघडून पाहावा.

तक्रारीचं मी लिहिलंच आहे. पुढच्या वेळी ताईचं नाव न घेता करेन.

मागच्या महिन्यात ताईचा फोन आला. चालायला येणाऱ्या एकीनं गुळवेलीचा काढा सांगितला होता, रोज सकाळी. गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला सूज आलेल्या पेशंटांबद्दल २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, ते मी सांगणार होते, पण आधी विचारलं, "किती दिवस झाले घेऊन?"

"अजून घेतलाच नाही. डबा भरून आणलाय, ओट्यावर आहे. म्हटलं, आधी हिला विचारू."